उंदरांवरचा पुरावा माणसांना पुरेल का?

महोदय,

कंडरा (स्नायू हाडाला जोडणारा पट्टा) आणि सांध्यांच्या दुखापती झटपट बऱ्या होतात, असे सांगून 'बीपीसी-१५७' या पेप्टाइडची इंजेक्शने व्यायामशाळांतून सुचवली जातात, म्हणून हे पत्र.

पेप्टाइड म्हणजे प्रथिनांचे घटक असलेल्या अमिनो आम्लांची छोटी साखळी; पंधरा अमिनो आम्लांची ही साखळी प्रयोगशाळेत बनते. जठररसातील एका प्रथिनाचा तो अंश असल्याचे क्रोएशियातील झाग्रेबचे संशोधक सांगतात. उंदरांच्या टाचेची तुटलेली कंडरा तिने लवकर सांधली, जखमेत नव्या रक्तवाहिन्या फुटल्या. हे प्रयोग मोडीत काढण्याचे कारण नाही. मात्र त्यांतील बरेचसे याच एका गटाचे आहेत आणि माणसांवरील मोठी नियंत्रित चाचणी प्रसिद्ध झालेली नाही. शिवाय ज्या गुणामुळे जखम भरते त्याचीच मला धास्ती वाटते, कारण वाढत्या कर्करोगाच्या गाठीलाही नव्या रक्तवाहिन्याच हव्या असतात, आणि दीर्घकाळ वापर केल्यास काय होते हे माणसांत तपासलेलेच नाही.

विकल्या जाणाऱ्या कुपीवर बहुधा 'केवळ संशोधनासाठी' असे छापलेले असते. म्हणजे शुद्धता, निर्जंतुकता आणि मात्रा यांची जबाबदारी कोणाचीच नाही. 'वाडा' या जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने २०२२ पासून खेळाडूंना या पेप्टाइडच्या वापरावर बंदी घातली आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानेही २०२३ मध्ये अशुद्धता आणि प्रतिकारशक्तीच्या विपरीत प्रतिक्रियेची शंका नोंदवली.

दुखापतीने घरी बसलेल्या तरुण खेळाडूची तगमग मी फिजिओथेरपिस्ट म्हणून रोज पाहतो. त्याच्यासाठी तरी आपल्या क्रीडापानावर अस्थिरोगतज्ज्ञांचा सविस्तर लेख छापावा, ही विनंती.

— एक वाचक, पुणे