राग आवरत नाही, की आवरायचा नसतो?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रस्त्यावरच्या वाढत्या हाणामाऱ्यांविषयी आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. हल्लीच्या माणसाचा प्रेशर कुकर झाला आहे, वाफ कोंडली की शिट्टी होणारच, असा त्याचा सूर. उपाय काय, तर घरी उशीवर ठोसे मारून राग बाहेर काढा.

मी कनिष्ठ महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवते. हा कुकर फ्रॉइडच्या काळापासून आमच्याच विषयातून बाजारात गेला, पण आमच्याकडे तो कधीच मोडीत निघाला आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांनी २००२ साली ६०० विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. आधी त्यांच्या निबंधावर खरमरीत शेरे मारून त्यांना चिडवलं. मग काहींना, ज्याने शेरे मारले त्याचा विचार करत पंचिंग बॅगवर ठोसे मारायला सांगितलं, तर काहींना नुसतं बसवून ठेवलं. ठोसे मारणाऱ्यांचा राग वाढला, पुढे संधी मिळताच त्यांनी समोरच्याला त्रासही जास्त दिला. गप्प बसलेले सगळ्यात शांत निघाले. थोडक्यात, उशीवर ठोसे मारणं ही रागाची तालीमच.

लेखात दिलेली ऊन, वाहतूक कोंडी, अपुरी झोप, दारू ही कारणं खोटी नाहीत. मनासारखं झालं नाही की माणूस चिडतो, हे येल विद्यापीठातल्या मंडळींनी १९३९ मध्येच मांडलं होतं. पण ऊन तर सगळ्यांनाच लागतं. मग मार नेमका कोण खातं, हा प्रश्न लेखात कुठेच नाही.

गंगापूर रोडवरच्या आमच्या चौकात संध्याकाळी जरा उभं राहून बघा. सिग्नल सुटला आणि रिक्षा बंद पडली की मागून हॉर्नचा गोंगाट, वर आईबहिणीचा उद्धार. त्याच जागी काळ्या काचांची, बोनेटवर झेंडा लावलेली गाडी फोनवर बोलत उभी राहिली, तर तेच शूरवीर मुकाट्याने बाजूने वाट काढतात. तापमान तेच, घाईही तीच. डूब आणि ग्रॉस या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९६८ मध्ये कॅलिफोर्नियात हेच मोजलं होतं. सिग्नल हिरवा झाल्यावरही मुद्दाम अडून राहिलेल्या जुन्या खटारा गाडीमागच्या ८४ टक्के चालकांनी हॉर्न वाजवला, महागड्या नव्या गाडीमागच्या फक्त ५० टक्क्यांनी. गंमत म्हणजे नुसतं विचारलं तेव्हा पुरुष विद्यार्थी म्हणाले होते, आम्ही महागड्या गाडीवर आधी वाजवू!

साहेबांचं बोलणं ऐकून आलेला माणूस बायको-मुलांवर किंवा सोसायटीच्या वॉचमनवर उखडतो, ते वड्याचं तेल वांग्यावर आपल्या ओळखीचंच आहे. साहेबांसमोर मात्र तोच राग बरोबर आवरता आला होता.

कायदासुद्धा ‘रागाच्या भरात’ला डोळे मिटून मान देत नाही. नौदल अधिकारी नानावटी यांनी बायकोच्या प्रियकराला गोळ्या घातल्या, त्या खटल्यात अचानक भडकल्याचा त्यांचा बचाव सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये फेटाळला. दुपारी दीडला घर सोडलं, चार वाजून वीस मिनिटांनी गोळ्या झाडल्या. मधल्या वेळात बायको-मुलांना सिनेमाला सोडलं, जहाजावर जाऊन रिव्हॉल्व्हर घेतलं. भानावर यायला एवढा वेळ पुरेसा होता, असं न्यायालयाने म्हटलं. लोकांची सहानुभूती मात्र त्या काळी नानावटींकडेच होती, ते वेगळं सांगायला नको.

तेव्हा एक विनंती. अशा बातम्यांत ‘किरकोळ वादातून’ आणि ‘रागाच्या भरात’ एवढ्यावर भागवू नका. मारणारा कुठल्या गाडीत होता, मार खाणारा कुठल्या, एकाला किती जण भिडले, गाडीत काठी किंवा रॉड आधीपासून होता का, हेही छापा. माहिती पोलिसांच्या फिर्यादीत बहुतेक वेळा असतेच, बातमीदाराने फक्त विचारायला हवं.

आपली,
एक शिक्षिका, नाशिक