तळ्याचं पाणी दहावर आलं

शेफील्ड,
रविवार, ५ एप्रिल २०२६

ती. अण्णा आणि आई यांना,
शि. सा. नमस्कार.

मी खुशाल आहे. हे अगदी पहिल्या ओळीत लिहिते, कारण परवा फोनवर आईने तीनदा विचारलं आणि तीनदा सांगूनही तिचा जीव भांड्यात पडला नाही. खोकला गेला. तो वॉर्डातून लागलेला खोकला होता, घरामागच्या तळ्यातून नव्हे. भूक लागते, झोप येते, वजन आहे तेवढंच आहे.

फोनवर तुमचे आवाज ऐकले की माझं निम्मं बोलणं राहूनच जातं, म्हणून हे पत्र. ड्यूटी, बस, डबा हे सगळं तुम्हाला पाठ आहे, ते पुन्हा लिहीत नाही.

अण्णा, तुम्ही विचारलंत, "नर्स म्हणून गेलीस की मासे राखायला?" काळजीपोटी विचारलंत हे कळतं, पण मला ते लागलं. म्हणून नीट सांगते. आमच्या घरमालकीण आजींच्या मागच्या बागेत तळं आहे. दहा फूट लांब, सात फूट रुंद, मधोमध चार फूट खोल. पाणी साधारण पाच हजार लिटर, म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात येतो तो एक छोटा टँकर. त्यांच्या यजमानांनी ते स्वतः खणलं होतं. खाली काळा रबरी कागद आहे, आपल्या शेततळ्याला तुम्ही ५०० मायक्रॉनचा घातलात तसाच, फक्त जाड आणि मऊ. आत सात गोल्डफिश आणि चार कोई. कोई ही शेतकऱ्यांनी काढलेली जात आहे बरं का. जपानमध्ये निगाता भागात भातवाले शेतकरी खायला मासे पाळायचे. त्यातले रंगीत निघालेले निवडत निवडत दोनशे वर्षांपूर्वी त्यांनी ही जात तयार केली.

यजमान गेल्यापासून आजींना वाकून काही करता येत नाही, गुडघे साथ देत नाहीत. सप्टेंबरात त्यांनी विचारलं, मी हो म्हटलं. कुणी माझ्यावर लादलं नाही. भाड्यातून त्या महिन्याला ४० पौंड वजा करतात, तेही मी न मागता. आणि अण्णा, मला ते काम आवडतं. दिवसभर आजाऱ्यांमध्ये राहून आल्यावर तळ्याकाठी दहा मिनिटं उभी राहिले की डोकं शांत होतं.

जानेवारीत तळ्यावर दोन बोटं जाड बर्फ धरला होता. पाणी चार अंशांना सगळ्यात जड असतं, त्यामुळे तेवढं ऊबदार पाणी तळाशी राहतं आणि मासे तिथे जवळजवळ न हलता हिवाळा काढतात. पण वरून सगळं गोठलं, तर तळाच्या कुजक्या पाल्यातून निघणारा वायू आतच कोंडतो. मी फोडायला हातोडा उचलला, तर आजी खिडकीची काच जोरजोरात ठोकायला लागल्या. घाव बर्फावर घातला तरी त्याचा हादरा पाण्यातून माशांना बसतो. मग आई, तू दिलेला कडीचा डबा उकळत्या पाण्याने भरला, कडीला दोरी बांधली आणि बर्फावर ठेवून दोरी धरून बसले. डब्याखालचा पांढरा बर्फ आधी काचेसारखा झाला, मग काळा दिसायला लागला आणि डबा एकदम खाली बसला. वर ओढला तर बुडाएवढं गोल भोक, आणि त्यातून वास आला तो अगदी आपल्या आडाचा गाळ काढताना यायचा तसा. आपली आजी आडाच्या काठावर बसून "पाणी जितं हवं" म्हणायची ना, ते कानात आलं. हातात दोरी होती म्हणून डोळे पुसता आले नाहीत.

आता थंडी ओसरली. घड्याळं गेल्या रविवारी तासभर पुढे सरकली, संध्याकाळी ड्यूटीवरून येते तेव्हा उजेड असतो. पण माशांचा वसंत कॅलेंडरवर नसतो, पाण्याच्या तापमानावर असतो. तळ्यात दोरीला बांधलेला थर्मामीटर आहे आणि मी रोज बघून वहीत लिहिते. मार्चभर सहा, सात, पुन्हा पाच असं चाललं होतं. मासे वर येऊन माझ्याकडे बघायचे, तोंड उघडायचे, आणि मला द्यायला हात शिवशिवायचे. पण द्यायचं नाही. त्यांना आपल्यासारखं पोट नसतं, नुसतं आतडं. थंडीत अन्न पचत नाही, आतच राहतं आणि मासा दगावतो. काल आणि आज सलग दहा अंश दिसले, म्हणून आज पहिल्यांदा चिमूटभर दिलं, तेही गव्हाच्या अंकुराचं, कारण ते हलकं असतं. पाच मिनिटांत संपेल तेवढंच. सगळ्यात मोठा कोई, पांढऱ्यावर नारिंगी डाग असलेला, पहिला दाणा तोंडात घेऊन बाहेर टाकून, पुन्हा घेऊन गेला. आठवडा उपाशी राहिलेला पेशंट पहिला पेजेचा घोट असाच घेतो.

हा महिना मोठा नाजूक. हिवाळ्यात मासे अशक्त झालेले असतात, त्यांची प्रतिकारशक्ती हळूहळू जागी होते, आणि रोगजंतू मात्र त्यांच्या आधी उठतात. शिवाय गाळणीची गंमत निराळी. पंपाने पाणी एका पेटीत जातं, तिथे स्पंज असतात आणि स्पंजांत चांगले जिवाणू. माशांच्या घाणीतल्या अमोनियाचं ते आधी नायट्राइट करतात, मग नायट्रेट. थंडीत तेही सुस्तावतात. म्हणजे मासे खायला लागले आणि जिवाणू अजून पेंगत असले, तर निवळशंख दिसणारं पाणीसुद्धा विषारी होतं. म्हणून दर रविवारी छोट्या नळीत पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकते आणि रंग बघते. पिवळा राहिला तर अमोनिया शून्य. आज पिवळाच होता. स्पंजही नळाखाली धुवायचे नाहीत, क्लोरीनने जिवाणू मरतात. तळ्याचंच पाणी बादलीत घेऊन दोनदा पिळायचे, बस्स. एवढे स्वच्छ झाले तरी पुरे.

आता एक गोष्ट, जी मला पहिल्या खेपेला मुळीच समजली नाही. मी जाळीने तळाचा पाला आणि गाळ काढला, दोन घमेली भरली आणि सरळ गुलाबाच्या वाफ्यात टाकायला निघाले. आजींनी थांबवलं. इथे काढलेला गाळ लगेच उचलत नाहीत! काठालाच प्लॅस्टिकवर उतरता पसरतात, उताराची बाजू पाण्याकडे, आणि एक अख्खा दिवस, एक अख्खी रात्र तसाच ठेवतात. का, तर त्यातल्या जिवांना परत पाण्यात जाता यावं म्हणून. एकट्या आजींची ही लहर असेल असं मला वाटलं. तसं नाही. शेजारी तेच करतात, पलीकडच्या गल्लीतले करतात, बागकामाच्या कार्यक्रमांत तेच सांगतात. पाणवनस्पती उपटल्या तर त्याही आधी बादलीत खळखळून काढायच्या आणि बादलीतलं पाणी परत तळ्यात ओतायचं. आजी तर ढिगावर ओलं गोणपाट टाकायला लावतात, म्हणजे गाळ सुकत नाही आणि पाखरं टिपत नाहीत.

मला पटेना, म्हणून रात्री जेवण झाल्यावर बॅटरी घेऊन बसले. आधी काहीच नाही. मग गोणपाटाच्या कडेखालून नखाएवढी गोगलगाय निघाली. मग चतुराची अळी, चिखलाच्याच रंगाची, पाय फेंगडे टाकत. चतुराच्या काही जाती दोन-दोन वर्षं अशा पाण्यात काढतात आणि मग उडतात. म्हणजे मी ती घमेली वाफ्यात टाकली असती, तर पुढच्या साली उडायचे चतुर त्यात गेले असते. शेवटी पालीसारखा दिसणारा, इथे ज्याला न्यूट म्हणतात तो प्राणी आला, उताराच्या टोकाशी थांबला आणि अलगद पाण्यात उतरला. अर्धा पाऊण तास मी बसले होते. आपण आडाचा गाळ काढला की पाट्या भरून थेट वावरात टाकतो. त्यात चूक काही नाही, आपल्याला ते खतच असतं. इथेही शेवटी तो वाफ्यातच जातो, फक्त दुसऱ्या दिवशी. पण तो एक दिवस थांबणं मला फार आवडलं. पुढच्या वेळी आड उपसाल तेव्हा एक रात्र थांबून बघा.

मोठी सफाई मात्र आत्ता करायची नसते, ती शरद ऋतूत. आत्ता तळ्याच्या कोपऱ्यात बेडकांनी अंडी घातली आहेत. आई, भिजवलेल्या साबुदाण्याचा गोळा असतो ना, तसाच, आणि प्रत्येक दाण्यात काळा ठिपका.

आता तुमच्या शंका. घाण पाण्यात हात घालते, उंदरांच्या मुतातून पाण्यात उतरणारा लेप्टोचा ताप येईल, असं आपला धाकटा बाळू म्हणाला. मी नर्स आहे, मला ते ठाऊक आहे. कोपरापर्यंत हातमोजे घालते, नंतर साबणाने हात धुते, आणि बोट कापलं असेल तर तळ्याकडे जातच नाही. विजेचं म्हणाल तर आपल्या मोटरीच्या स्टार्टरपाशी अण्णांना बसलेला झटका मी विसरलेले नाही. पंपाला हात लावायच्या आधी बटण बंद आणि पिनसुद्धा बाहेर. आणि बर्फावर मी चालत नाही, कधीच चालले नाही.

अण्णा, तुम्ही शेततळ्यात रोहू सोडलेत ना? तिथे अडचण उलटी. मे महिन्यात पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी राहतो. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसले, तर मोटर लावून पाणी वरून पाडा, म्हैसाळ योजनेच्या कालव्याला पाणी सुटायची वाट बघू नका.

मी मघापासून तळ्यातच फिरते आहे, कारण पुढचं लिहायला हात धजत नाही. बाळूच्या लग्नाला मला येता येत नाहीये. मेमध्ये वॉर्डातल्या दोघींनी आधीच रजा घेतली आहे, मला सलग चारच दिवस मिळतात आणि त्यातले दोन प्रवासात जातील. जूनमध्ये हव्या तेवढ्या मिळाल्या असत्या, पण १७ मेला अधिक ज्येष्ठ लागतो आणि नंतर पाऊस, म्हणजे तारीख पुढे नेता येत नाही, हे मलाही कळतं. अर्ज मी जानेवारीतच टाकायला हवा होता. तारीख पक्की व्हायची वाट बघत बसले. ही चूक माझी, बाळूची किंवा तुमची नाही. आपली आजी गेली तेव्हाही मी नव्हते. हे मी रोज आठवते, तुम्ही बोलून दाखवत नाही म्हणून जास्तच.

तिकिटासाठी बाजूला ठेवलेले एक लाख मंगळवारी पाठवते. उद्या इथे ईस्टरची सुट्टी, बँका बंद. त्यातून सोनाराचं देणं मिटवा. बेदाणा मनासारखा भाव मिळेपर्यंत स्टोरेजलाच राहू दे, लग्नासाठी घाईने काढू नका. द्राक्षबागेच्या खरड छाटणीच्या मजुरीला कमी पडलं तर लाजू नका, मला सांगा. दिवाळीला मी तीन आठवडे येते आहे. हा अर्ज टाकला, मंजूरही झाला.

मावशी म्हणते, थोरली बिनलग्नाची आणि धाकट्याचं आधी कसं? तिला सांगा की थांबू नका असं मीच सांगितलं. इचलकरंजीच्या स्थळाबद्दल, मुलाशी मी बोलले. तो चांगला आहे, सरळ बोलतो. पण वर्षभरात मी नोकरी सोडून परतावं अशी त्याच्या घरच्यांची अट आहे आणि तसा शब्द मी आज देऊ शकत नाही. त्यांना माझ्यासाठी ताटकळत ठेवू नका. आई, हे वाचून रडू नकोस. मी लग्न करणारच नाही असं म्हणत नाहीये.

अण्णांनी डोळे दाखवून यावेत. बाळूला आशीर्वाद, भावजय म्हणून येणाऱ्या मुलीला माझा फोन नंबर द्या.

तुमची लेक

ता. क. करवली म्हणून मावशीच्या धाकटीला उभं करा आणि तिला माझी जांभळी पैठणी नेसवा. कपाटात वरच्या खणात, पांढऱ्या धोतराच्या फडक्यात आहे. घडीवरून जरतार उसवते, म्हणून आई, दोन दिवस आधी काढून सावलीत उलगडून ठेव.