रविवारच्या पुरवणीतलं एक पान गेमवाल्या पोरांना द्या

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मुलांच्या पानावर ‘मोबाइल सोडा, पुस्तक धरा’ या धर्तीचा मजकूर हल्ली वरचेवर येतो. माझं नाशिकरोडला जुन्या पुस्तकांचं आणि रद्दीचं दुकान आहे. कुणी काय सोडलं आणि कुणी काय धरलं, हे मला रोज काट्यावरच दिसतं. तेवढ्या भरवशावर हे पत्र लिहितो आहे.

आमच्याकडे इंग्रजी जुनी पुस्तकं मुंबईहून वजनावर येतात. लॉटमध्ये काय निघेल ते सुतळी तोडल्याशिवाय कळत नाही. बहुतेक वेळा पाकक्रिया, बागकाम आणि जाडजूड कादंबऱ्या. यंदा उन्हाळ्याच्या सुट्टीत एका गठ्ठ्यातून ‘सॉनिक द कॉमिक’चा एक अंक निघाला. ब्रिटनमध्ये फ्लीटवे एडिशन्स ही कंपनी मे १९९३पासून हे पाक्षिक काढायची. २००२ साली २२३ अंकांवर ते थांबलं, आणि त्यातही शेवटी शेवटी जुन्याच चित्रकथा पुन्हा छापत होते. सेगा कंपनीचे व्हिडिओ गेम हा त्याचा सगळा मालमसाला. सॉनिक म्हणजे तो निळा, काटेरी, वाऱ्यासारखा पळणारा प्राणी. मूळ गेम १९९१चा, पण अलीकडच्या सिनेमांमुळे आपल्याकडच्या पोरांनाही तो पाठ आहे.

माझ्या हातातल्या अंकाची पिन गंजलेली आहे. एका पानावरचं कूपन तिकडच्या कुठल्याशा पोराने कात्रीने कापून घेतलंय, त्यामुळे पाठीमागच्या पानावरची नेमकी हाणामारीची चौकट गायब. अशा फाटक्या मालाला गिऱ्हाईक नसतं, म्हणून तो मी काउंटरवर तसाच टाकून ठेवला होता.

दुकानात एक बाई सातवीतल्या मुलाची गाइडं शोधायला आल्या. मुलगा बरोबर होता. सेमी इंग्लिशला आहे, पण धडासुद्धा वाचत नाही, दिवसभर गेम, अशी तक्रार त्यांनी आल्या आल्या सांगून टाकली. इकडे पोराने तो अंक उचललेला. चौकटीत एक यंत्रकिडा सॉनिकवर चाल करून येत होता. पोरगा मला म्हणाला, “काका, हा फुटला की आतून ससा नाहीतर पक्षी निघणार.” पान उलटलं, आणि निघाला. कारण गेममध्ये तसंच असतं: डॉक्टर रोबोटनिक नावाचा दुष्ट माणूस लहान प्राण्यांना यंत्रांत कोंबतो, यंत्र फोडलं की ते मोकळे होतात. फुग्यातली निम्मी इंग्रजी वाक्यं त्या पोराला समजत नसणार, पण तो कुठे अडला नाही. पुढे काय व्हायला पाहिजे हे त्याला आधीच ठाऊक होतं आणि तसंच होतंय का, एवढं तपासायला तो वाचत होता. त्याच्या आईची गाइडं बांधून होईस्तोवर त्याने अंक संपवला आणि कापलेल्या चौकटीत काय असेल यावर माझ्याशी वादही घातला.

माझं म्हणणं एवढंच आहे. ज्या विषयात पोरगा आपल्यापेक्षा हुशार आहे, त्या विषयाचं वाचायला दिलं तर तो वाचतो. पुरवणीतल्या पानावर त्याला काहीच ठाऊक नसतं आणि लिहिणाऱ्याला सगळं ठाऊक असतं. अशा ठिकाणी कोण थांबेल?

मी नंतर तो अंक सवडीने पुन्हा पुन्हा चाळला. (दुपारी दोन ते चार गिऱ्हाईक नसतं.) गेममध्ये गोष्ट अशी नावालाच असते: पळा, कड्या गोळा करा, शेवटी रोबोटनिकला हाणा. या मंडळींनी त्यातून अख्खी दुनिया उभी केली. नायजेल किचिंग हे एक मुख्य लेखक, रिचर्ड एल्सन हे एक मुख्य चित्रकार. रोबोटनिक आधी भला शास्त्रज्ञ होता, जगातलं वाईट काढून टाकायला निघाला होता आणि एका अपघातात, त्यातही सडक्या अंड्यामुळे, स्वतःच वाईट झाला, असं त्यांनी या पाक्षिकात रंगवलं. मला सगळ्यात पटली ती ‘सुपर सॉनिक’ची भानगड. गेममध्ये सगळी पाचूरत्नं जमवली की सॉनिक सोनेरी होतो आणि त्याला कुणी हात लावू शकत नाही. म्हणजे बक्षीसच. कॉमिकवाल्यांनी ते उलटं केलं. त्यांचा सुपर सॉनिक हा सॉनिकच्या आतला राक्षस, एकदा सुटला की मित्रांनाही ओळखत नाही. जे मिळवायला पोरांनी रात्री जागवल्या, त्याचीच भीती घातली. पुरवणीतली ‘रागावर ताबा ठेवा’ ही गोष्ट याच विषयावरची, पण तिच्यात शेवटच्या परिच्छेदात आजोबा येतात आणि सगळं समजावून सांगतात.

आता पत्रांचं पान. या पाक्षिकाचा संपादक म्हणून एक यंत्रमानव दाखवायचे, मेगाड्रॉइड त्याचं नाव. तो वाचकांना ‘बूमर्स’ म्हणतो आणि कचेरीतल्या खऱ्या माणसांची ‘स्वतःला साहेब समजणारी माणसं’ अशी टर उडवतो. पोरांची पत्रं तो छापतो, वर तिरकस उत्तरं देतो. पोरांनी पाठवलेली चित्रं वेगळ्या पानावर, गेममधल्या अडलेल्या जागा कशा पार करायच्या याच्या युक्त्या आणखी एका पानावर. आपल्या पानावर येतं ते पत्र असं: “मला तुमची पुरवणी खूप आवडते. त्यातील गोष्टींतून चांगला बोध मिळतो.” हे पत्र कुठल्याही पोराने आपण होऊन लिहिलेलं नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. आणि चित्रं? पाणी वाचवा, झाडे लावा, गणपती. झाडं लावायला माझी ना नाही, पण वहीच्या मागच्या पानावर पोरं काय काढतात ते एकदा बघा. माझ्याकडे जूनमध्ये वह्यांची रद्दी येते. मागची पानं बंदुका, ड्रॅगन आणि मायनक्राफ्टच्या चौकोनी डोक्यांनी भरलेली असतात, आणि हात चांगले असतात हो.

दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर पालक मलाच धरतील. हे पाक्षिक सेगाच्या परवान्याने निघायचं, म्हणजे एका परीने ते कंपनीचं दुकानच होतं. जाहिराती आहेत, नव्या कार्ट्रिजचं, म्हणजे गेमच्या डबीचं, कौतुक आहे. आणि आजचे फोनवरचे गेम त्याहून पुढचे, त्यात आईच्या खात्यातून परस्पर पैसे जातात. फ्री फायरची आरती ओवाळा असं मी म्हणत नाही. उलट आपल्या पानावर ‘या गेममध्ये पैसे कुठे आणि कसे काढतात’ हे एखाद्या नववीतल्या पोराने लिहिलं, तर ते कुठल्याही तज्ज्ञाच्या लेखापेक्षा जास्त वाचलं जाईल.

चित्रकथांनी पोरं बिघडतात हेही जुनंच. ‘इंद्रजाल’चे मराठी अंक, वेताळ आणि मँड्रेकचे, माझ्याकडे चुकून कधी आले तर घ्यायला पन्नाशी-साठीची माणसं येतात आणि भावाची घासाघीस करत नाहीत. त्यातले कितीतरी जण सांगतात की तेव्हा वडिलांनी गठ्ठाच्या गठ्ठा बंबात घातला होता. ही माणसं आज तुमचा पेपर अग्रलेखासकट वाचतात. ‘किशोर’ १९७१पासून चालू आहे, चांगलं आहे, त्याचे जुने अंकही माझ्याकडे टिकत नाहीत. पण ते महिन्याला एकदा. तुमचा पेपर दर रविवारी घरात येऊन पडतो आणि पोरांचं पान घडीसुद्धा न मोडता माझ्याकडे येतं. घडीवरून मला कळतं.

म्हणून सुचवतो. एक पान द्या. त्यावर गेमच्या धाटणीची चित्रकथा चालवा, नेमकी अशा जागी तोडून की पुढच्या रविवारची वाट बघावी लागेल. कंपनीचा परवाना घ्यायची गरज नाही. म्हसरूळहून येणारा एक मुलगा माझ्याकडे जुनी कॉमिक्स वाचून जागेवर परत ठेवतो, घेत काही नाही. त्याने बिलाच्या पाठीवर मला रामशेज किल्ल्याची लेव्हल, म्हणजे गेमचा एक टप्पा, काढून दाखवली. खाली मुघलांची छावणी, वर मोजकी माणसं, खेळणाऱ्याने वरून धोंडे सोडायचे, लाकडी तोफ किती बारांना टिकेल याचा हिशेब ठेवायचा. हा गड १६८२पासून पाच वर्षांहून जास्त काळ झुंजला, हे त्याला शाळेत शिकवलं होतं की नाही कोण जाणे, पण लेव्हल अवघड का, याचं कारण म्हणून त्याने तेच सांगितलं. शेवटचा बॉस, म्हणजे सगळ्यात शेवटी हरवायचा शत्रू, त्याने औरंगजेब केलेला नाही, पाणी संपणं हा बॉस केलाय. असं डोकं असलेली पोरं पंचवटीपासून सिडकोपर्यंत सापडतील. चित्र नाशिकच्याच एखाद्या चित्रकलेच्या विद्यार्थ्याकडून करून घ्या, मात्र त्याला पैसे द्या, ‘प्रसिद्धी मिळेल’ म्हणून बोळवण नको. आणि पत्रं आली की त्यातलं शुद्धलेखन तेवढं सुधारा, मजकूर सुधारू नका.

तो सॉनिकचा अंक मी आता विकायला ठेवलेला नाही. आपल्या पुरवणीचं काम बघणाऱ्या कुणाला तो चाळायचा असेल तर दुकानात यावं, दुपारी दोननंतर आलात तर बोलायलाही सवड असते. सोमवारी दुकान बंद असतं.

आपला,
एक जुनी पुस्तके विक्रेता,
नाशिकरोड