माझी अर्धी बॅग रिकामी करणाऱ्या ॲम्ब्युलन्सवाल्या काकांना

काका,

तोंडावर थँक्यू म्हटलं की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय, आता बदला विषय.

माझी इमर्जन्सी बॅग मी केवढ्या कौतुकाने दाखवायला आणली होती, आठवतंय? पॅराकॉर्डचं (पॅराशूटच्या दोरीचं) ब्रेसलेट, वीतभर चाकू, क्रेडिट कार्डाएवढं अकरा कामं करणारं पत्र्याचं टूल, आणि असलं बरंच काही. तुम्ही सगळं टेबलावर मांडलंत आणि एकेक उचलून फक्त "ही शेवटची कधी वापरलीस?" एवढंच विचारत गेलात. वापरलेल्या निघाल्या दोनच, टॉर्च आणि बँडेज, आणि टॉर्चमधले अल्कलाइन सेल फुटून स्प्रिंगवर पांढरी पूड जमलेली. तेव्हापासून गाडीतल्या टॉर्चला लिथियमचे डबल ए सेल, आणि पॉवर बँक उन्हातल्या बंद गाडीत ठेवत नाही, खिशात असते.

टुर्निकेची, म्हणजे रक्त थांबवायला दांडीने पिळून आवळायच्या पट्ट्याची, तर अजून लाज वाटते. स्वस्तातली नक्कल घेतली होती मी, तुम्ही ती माझ्याच मांडीला लावायला सांगितलीत आणि तिसऱ्या पिळाला दांडी वाकली. ओरडला नाहीत, म्हणालात बरं झालं इथे वाकली. आधी जखम हाताने गच्च दाबायची, हातापायाचं रक्त तरीही थांबत नसेल तर टुर्निके, जखमेच्या चार बोटं वर, सांध्यावर नाही, आणि लावल्याची वेळ लिहायची, म्हणून किटमध्ये मार्कर. मार्कर! माझ्या एवढ्या सामानात लिहायला काहीच नव्हतं.

मग गाडी. मला ड्रायव्हर सीटवर बसवलंत, बेल्ट लावायला लावलात, डोळे मिट म्हणालात आणि आता काच फोडायची हातोडी काढ. हातोडी डिकीत! मी हसलो, तुम्ही नाही हसलात. बेल्टमध्ये अडकलेला माणूस डिकीपर्यंत जातो कसा, दाखव म्हणालात. आता ती बेल्ट कटरसकट सीटच्या बाजूला हाताशी आहे. आणि काचेच्या कोपऱ्यातली ती मुंगीएवढी अक्षरं, इतक्या वर्षांत मी कधी वाचलीच नव्हती हो, माझ्या गाडीच्या पुढच्या दारांच्या काचा लॅमिनेटेड निघाल्या आणि मागच्या टेम्पर्ड, म्हणजे फुटल्या की बारीक तुकडे होणाऱ्या. मी पुढची काच ठोकत बसलो असतो आणि नुसते तडे गेले असते, मधला प्लास्टिकचा थर काच सोडतच नाही. फोडायची ती मागची, तीही मधोमध नाही, कोपऱ्यात. हातोडीच्या पाकिटावर यातलं अक्षरही नव्हतं.

गेल्या महिन्यात रात्री, पावसात, वळण संपता संपता टायर बसला. आधीचा मी असतो तर पहिला जॅक शोधायला धावलो असतो. यावेळी आधी हझार्ड लाइट, मग रिफ्लेक्टिव्ह जॅकेट सीटखालून काढून गाडीतच अंगात घातलं (डिकीत ठेवलं तर ते घ्यायलाच तसं रस्त्यात उतरावं लागतं, हे तुमचंच), मग धोक्याचा त्रिकोण पार मागे, वळणाच्या अलीकडे, म्हणजे येणाऱ्याला वळायच्या आधी दिसेल. कपाळाला तुमचा हेडलॅम्प. दोन्ही हात मोकळे असणं म्हणजे काय सुख असतं ते टॉर्च दातात धरून नट शोधलेल्यालाच कळेल. जॅक चढवायच्या आधीच नट सैल करायला घेतले, गाडीबरोबर आलेल्या आखूड पान्याने एक हलेना, तुम्ही घ्यायला लावलेल्या लांब दांडीच्या पान्याने सगळे सुटले. आणि स्टेपनीत हवा होती! का, तर दर महिन्याला तुमचा एका शब्दाचा मेसेज येतो, "स्टेपनी?", आणि खोटं उत्तर द्यायची माझी हिंमत होत नाही.

हेडलॅम्प रविवारी आणून देतो, स्वतःचा घेतलाय आता. फायर एक्स्टिंग्विशरचा काटा हिरव्यात आहे, आजच बघितला. आणि आल्या आल्या, बॅटरी उतरलेली गाडी दुसरीवरून चालू करायच्या जंपर केबलचा क्रम विचारणार आहात हे माहितीये मला: लाल आधी बंद बॅटरीच्या प्लसला, मग चालू गाडीच्या प्लसला, काळी चालू गाडीच्या मायनसला, आणि शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. बरोबर ना?

तुमचाच,
वीतभर चाकूवाला