पोटातली गाठ कर्करोगाची की क्षयाची? तपासणी निधीसाठी आवाहन

सप्रेम नमस्कार,

पोटात पाणी झालंय किंवा गाठ दिसतेय, म्हणून ज्यांना कर्करोगाचा संशय सांगितला जातो, अशा गरजू रुग्णांची बायोप्सी (आतला तुकडा काढून तपासणं) आणि क्षयाच्या तपासण्या पैशावाचून अडू नयेत, यासाठी आमची रुग्णसाहाय्य समिती वेगळा निधी उभारत आहे. त्यासाठी हे आवाहन.

पोटाचा क्षय कर्करोगाचं सोंग इतकं बेमालूम घेतो की नुसत्या स्कॅनवरून अनुभवी डॉक्टरांनाही छातीठोकपणे सांगता येत नाही. बाईचं वजन उतरलेलं, संध्याकाळी कणकण, पोट फुगलेलं. सोनोग्राफीत पाणी, आतला पडदा जाड झालेला, अंडाशयाशेजारी गाठ. रक्तात सीए-१२५ (कर्करोगाचा संशय आला की मोजतात ते प्रथिन) वाढलेलं. अंडाशयाच्या कर्करोगाचं हे ठरलेलं चित्र, आणि पोटाच्या आवरणाला क्षय झाला तरी हुबेहूब हेच दिसतं. पोटाच्या आवरणाला सूज आली की सीए-१२५ वाढतं, मग ती कर्करोगाने असो वा क्षयाने. कर्करोग शोधायला करतात त्या पेट स्कॅनवर क्षयाच्या गाठीही उजळून दिसतात. त्यात छातीचा एक्स-रे पुष्कळदा स्वच्छ येतो, त्यामुळे क्षयाचा विचारच मागे पडतो.

मग गर्भाशय आणि अंडाशय काढून टाकण्याचं मोठं ऑपरेशन होतं आणि काढलेल्या भागाच्या रिपोर्टात क्षय निघतो. साधारण सहा महिन्यांच्या गोळ्यांनी जे बरं झालं असतं, त्यासाठी एखाद्या तरुण मुलीचं मातृत्व कायमचं गेलेलं असतं. हे टाळता येतं, म्हणूनच आम्हाला ते सोसवत नाही. उलट चूकही तितकीच घातक आहे. अंदाजाने क्षयाच्या गोळ्या सुरू करायच्या, गुण येईल म्हणून वाट पाहायची, आणि तोवर आत कर्करोग पसरत राहायचा.

पोटातलं पाणी काढून त्यातल्या पेशी आणि एडीए (क्षयात वाढणारं एक एन्झाइम) तपासले की बराच अंदाज येतो. पण त्या पाण्यात क्षयाचे जंतू फार थोडे असतात. सूक्ष्मदर्शकाखाली ते बहुधा सापडत नाहीत, जंतूंची जनुकं शोधणारी जीनएक्स्पर्ट तपासणीही निगेटिव्ह येऊ शकते, आणि तेवढ्यावरून क्षय नाही असं म्हणता येत नाही. अशा वेळी लेप्रोस्कोपीने, म्हणजे छोट्या छिद्रातून दुर्बीण घालून, आत पाहून तुकडा घेणं हाच भरवशाचा मार्ग.

इथे एका बारीक गोष्टीवर सगळं अडतं. तुकडा सहसा फॉर्मॅलिनच्या बाटलीत टाकला जातो. पेशी तपासायला ते लागतंच, पण फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतात आणि मग कल्चर, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याची तपासणी, होत नाही. म्हणून दुसरा तुकडा साध्या सलाइनच्या बाटलीत, त्याच दिवशी, क्षयाच्या प्रयोगशाळेत पोचायला हवा. कल्चरला सहा-आठ आठवडे लागू शकतात, पण कोणतं औषध लागू पडेल हेही त्यातून कळतं. नातेवाइकांनी ऑपरेशनआधी डॉक्टरांना एवढंच विचारावं: दुसरी बाटली पाठवणार ना?

क्षयाच्या गोळ्या बहुतेक ठिकाणी सरकारी कार्यक्रमातून मोफत मिळतात. खर्च येतो तो निदानाला. आपल्या देणगीतून लेप्रोस्कोपी, बायोप्सी, कल्चर आणि गरज पडल्यास स्लाइड्सवर दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टचं मत, एवढाच खर्च केला जाईल. रक्कम रुग्णाच्या हाती न देता थेट रुग्णालयात किंवा प्रयोगशाळेत भरली जाईल. प्रत्येक देणगीची पावती मिळेल आणि हिशेब कुणालाही पाहता येईल. रक्कम लहान आहे म्हणून संकोच करू नका.

पैशाइतकीच माणसांचीही गरज आहे. बाटली वेळेत प्रयोगशाळेत पोचवणारे, आणि कर्करोग हा शब्द ऐकून हादरलेल्या घराला धीर देत सोबत बसणारे कार्यकर्ते हवे आहेत. स्लाइड्स विनामूल्य पाहून देणारे पॅथॉलॉजिस्ट आणि सल्ला देणारे सर्जन यांनीही कृपया नाव नोंदवावं.

ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांनी सगळे जुने रिपोर्ट, स्कॅनच्या फिल्म आणि डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन समितीच्या कार्यालयात यावं. उपचार थांबवून येऊ नये. देणगी आणि नावनोंदणीही तिथेच स्वीकारली जाईल.

आपले नम्र,
रुग्णसाहाय्य समितीचे कार्यकर्ते