मीटर गेला की सेल चुकला?

महोदय,

फिल्म कॅमेऱ्यांवरचा आपल्या पुरवणीतला लेख आवडला. पण 'जुन्या कॅमेऱ्याचा लाइट मीटर (उजेड मोजणारा भाग) बेभरवशाचा, सरळ मोबाइलवर मोजा' हा त्यातला सल्ला पटला नाही. निदान एकदा तपासून तरी बघा!

वडिलांचा, मीटरची सुई खुणेशी जुळवायचा कॅमेरा मी कपाटातून काढला, हौसेने स्लाइड फिल्म (निगेटिव्हऐवजी थेट चित्र देणारी) घातली आणि ३६ च्या ३६ फ्रेम काळवंडून आल्या. दुरुस्ती करणाऱ्यांनी कॅमेरा न उघडताच 'मीटर गेला' असा निकाल दिला. तो गेला नव्हता. कॅमेरा १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलसाठी बनवलेला. ते सेल आता बनत नाहीत, म्हणून मी त्याच मापाचा १.५ व्होल्टचा अल्कलाइन बसवला होता. जादा व्होल्टेजने सुई जास्त उचलली जाते, उजेड आहे त्याहून अधिक दिसतो, म्हणून आपण फिल्मला कमी उजेड देतो आणि ती उपाशी राहते. (काही कॅमेऱ्यांच्या सर्किटमध्ये याची सोय असते, माझ्यात नव्हती.)

'आयएसओची (फिल्म उजेडाला किती संवेदनशील, ते मीटरला सांगणारी) चकती एक घर मागे घ्या, झालं' असे बरेच जण सांगतात. मी डिजिटल कॅमेरा शेजारी धरून, दोन्हींवर आयएसओ १०० लावून, दोन्हींत फक्त एक कोरी भिंत भरून ताडून पाहिले. भरउन्हात दीड स्टॉपचा फरक (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा), सावलीत पाऊण, संध्याकाळी खोलीत जेमतेम पाव. आता चकती कितीने फिरवायची? एकाच उजेडात तपासले असते तर फसलोच असतो. त्यात मला चष्मा. डोळा आयपीसला (कॅमेऱ्यातून बघायच्या काचेला) नीट टेकत नाही आणि मागून शिरलेला उजेडही सुई हलवतो. हे उमगेपर्यंतची माझी सगळी टिपणे वाया गेली.

शेवटी श्रवणयंत्राचा झिंक-एअर सेल, साधारण १.४ व्होल्टचा, रबरी वॉशरमध्ये बसवला. आता तिन्ही उजेडांत फरक तिसरा हिस्सा स्टॉपच्या आत आहे. दुपारच्या लख्ख उन्हात आयएसओ १०० ला एफ/१६ या लेन्सच्या छिद्रावर १/१२५ सेकंद शटर हा जुना हिशेबही जुळतो. हा सेल दोन-तीन महिन्यांत सुकतो, तेवढा त्रास आहे.

निगेटिव्हवर ही चूक बरीचशी झाकली जाते, स्लाइडवर अर्धा स्टॉपही डोळ्यांत खुपतो. लेखकांनी पुढच्या लेखात सेलचा उल्लेख जरूर करावा. आणि मीटर जुळूनही फोटो बिघडले, तर शटर तपासायला सांगावे. माझ्या कॅमेऱ्याचा १/१००० सेकंदाचा शटरवेग अजून संशयित आहे.

आपला,
एक नियमित वाचक