भोगीचा बाजार आणि माझी शोभा

कोल्हापूर,
रविवार रात्र

भावा,

परवा फोनवर तू लई ऐट मारलास की दहा मिनिटात भाजी दारात येते म्हणून, तेव्हा मी गप्प बसलो कारण माझं पण तेच चाललेलं. पण आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासनं बाजार माझ्या गळ्यात पडलाय, आणि त्यात आज भोगीच्या आधीचा रविवार, म्हणजे लक्ष्मीपुरीत पाय ठेवायला जागा नाही. गाडी कुठं लावली ते परत येताना किती वेळ शोधत होतो, ते सोड.

आईनं सगळं तोंडीच सांगितलं, वांगी, वरणा, सोलाणा, गाजर, घेवडा, कांद्याची पात, बोरं, तीळ, गूळ, बाजरीचं पीठ आहे ते आणू नको. म्हटलं एवढंच ना.

एका कोपऱ्यावर खेड्यातनं आलेली एक म्हातारी पोतं अंथरून बसलेली. मी आपला मोठी मोठी चकचकीत वांगी निवडतोय तर तिनं माझ्या हातातलं काढूनच घेतलं. "ते नगं, जून हाय, निस्तं बियाच निघतील." मग ढिगातनं एक लहानसं उचललं आणि माझं बोट धरून देठावर दाबलं. काटा असा कचकन टोचला की मी ओरडलोच. "ह्येला म्हणायचं ताजं. काल सांजच्याला तोडलंय." आता सांग मला, स्वतःचाच माल नको घेऊस म्हणणारा दुकानदार तू कुठल्या ॲपवर बघितलास?

तरी माझी खोड जाते होय. ऐंशी रुपये किलो म्हणाली तर मी म्हटलं सत्तरला दे की मावशी. तिनं माझ्या हाताकडं बघितलं, म्हणाली, "चारचाकीतनं आलास न्हवं?" किल्ली हातातच होती रे माझ्या! गपगुमान ऐंशी दिले. वरणा मात्र तिनं मापट्यानं मोजला आणि वर एक मूठ न मागता टाकली.

इथवर ठीक होतं. खरी शोभा गुळात झाली. दुकानात तीन-चार तऱ्हेचा गूळ मांडलेला, मी त्यातला एकदम पिवळाधमक उचलला, बघूनच भारी वाटला. घरी आल्यावर आईनं पिशवीत डोकावलं आणि म्हणाली, "हळदीचा गोळा कशाला आणलास?" तुला माहितीच आहे, तिच्या माहेरी गुऱ्हाळ होतं, मग काय विचारतोस, तासभर शाळा घेतली माझी. रस उकळताना त्यात रानभेंडीचं चिकट पाणी घालतात, मग मळी वर येते, ती झाऱ्यानं काढत राहायची, आणि असा गूळ तांबूस-तपकिरी दिसतो. एवढा पिवळा पाहिजे तर मग हायड्रोस पावडर मारतात, म्हणजे रंग उजळवायचं केमिकल. आईनं एक खडा जिभेवर ठेवला, "खारट" म्हणत तोंड वाकडं केलं आणि पाण्याचा पेला मागितला.

मी लगेच गुऱ्हाळवाल्यांना शिव्या द्यायला लागलो तर मलाच म्हणाली, तू कुठला उचललास ते सांग आधी. आणि खरं आहे की लेका, सौद्यात, म्हणजे गुळाच्या लिलावात, पिवळ्यालाच दर चढतो, का तर आपल्यासारखे शहाणे रंग बघून घेतात, मग तो बिचारा पावडर नाही घालणार तर काय करणार. शाहू महाराजांनी 1895 साली शाहूपुरी वसवली ती गुळाच्या व्यापारासाठी, 2014 ला कोल्हापुरी गुळाला जीआय, म्हणजे हा माल ह्याच भागाचा असं सरकारी मानांकन, मिळालं तेव्हा आपण दोघांनी केवढे स्टेटस ठेवलेले, आणि मला कोल्हापुरात जन्मून धड गूळ ओळखता येत नाही. लाज वाटली भावा.

मग परत गेलो. यावेळी फोन चालू ठेवून, आई पलीकडनं, आणि मी खडा तोंडात टाकून सांगतोय खारट आहे की नाही ते, दुकानदार हसतोय. शेवटी काळपट दिसणारा घेतला, तिळगुळाच्या वड्या त्याच्याच करणार आहे ती. तुझ्यासाठी एक किलोची भेली कागदात गुंडाळून ठेवलीय, संक्रांतीला आलास तर हातात देतो, नाहीतर पुण्याला कोण जाणारं बघून पाठवतो. रंग बघून नाक मुरडू नकोस.

पिवळा टाकवत नाही म्हणून मी चहात संपवायचं ठरवलंय. संध्याकाळचा चहा फुटला.

तुझाच,
गल्लीतला मास्तर